कवितेच्या लहानशा द्वैमासिकाची वर्गणी भरावी का?

पुण्यात नोकरी करणाऱ्या, मूळच्या चाळीसगावकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "मला कविता वाचायला आवडतात. फोनवर रोज दहा-बारा वाचून होतात, त्याही फुकट. कॉलेजातल्या जुन्या सरांनी कवितेच्या एका द्वैमासिकाची वर्गणी भरायला सांगितलं. अंक चाळला. निम्म्या कविता कळल्या नाहीत आणि निम्म्या कवींची नावंही ऐकलेली नाहीत. यात आनंद कसला? आणि भरायचीच तर आजीव भरून टाकू का, म्हणजे एकदाची सुटेन?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. आजीव भरू नका. एका वर्षाची भरा, सहा अंक येऊ द्या, मग ठरवा. आजीव का नको, ते पैशांचा विषय निघेल तेव्हा सांगतो.

मी कोण, तेही सांगायला हवं. मी कवी नाही. स्वतःच्या लग्नातला उखाणासुद्धा मला बहिणीने लिहून दिला होता. बँकेत नोकरी केली आणि नोकरी सांभाळून सव्वीस वर्षं खानदेशातल्या एका कवितेच्या द्वैमासिकाचं व्यवस्थापन पाहिलं. संपादन आमच्या संपादकांचं, त्यांना मी सर म्हणतो. माझ्याकडे वर्गणीचं रजिस्टर, कागद, छापखाना, पत्त्यांची लेबलं आणि पोस्ट. तेव्हा मी कवितेविषयी जे काही बोलेन, ते डिंकाच्या बाटलीशेजारी बसून बोलतोय असं समजा.

या कामात मला कळलेला मोठा आनंद एकच आहे. अंकातली कविता निकाल लागायच्या आधी वाचायला मिळते. पाठ्यपुस्तकातली कविता चांगली असल्याचा दाखला घेऊनच समोर येते. संग्रहाला प्रस्तावना असते, मलपृष्ठावर कुणा मोठ्या माणसाची चार वाक्यं असतात, कधी पुरस्काराची पट्टी असते. फोनवरच्या कवितेखाली तर ती किती जणांना आवडली याचा आकडाच असतो, आणि आपण मनात नाही म्हटलं तरी डोळा आधी त्या आकड्यावर जातो. अंकात यातलं काही नसतं. वर शीर्षक, खाली नाव, फार तर गाव. बरी की वाईट ते तुमचं तुम्ही ठरवायचं. दहा वर्षांनी त्या नावाचं काय होईल हे कुणालाच ठाऊक नसतं, सरांनासुद्धा नाही.

केशवसुतांचं उदाहरण घ्या. ते १९०५ साली गेले. त्यांच्या कवितांचा संग्रह निघाला १९१७ साली, हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने. म्हणजे ते हयात असताना ज्यांनी केशवसुत वाचले, त्यांनी सुटे सुटेच वाचले. हरिभाऊंच्या 'करमणूक'मध्ये, जळगावच्या 'काव्यरत्नावली'त. हा माणूस मराठी कवितेचं वळण बदलणार आहे असं त्या वर्गणीदारांना कुणी सांगून ठेवलं नव्हतं. अंक आला, उघडला, आणि इथे कुणीतरी नेहमीसारखं लिहीत नाही एवढं दिसलं. काही जण थबकले असतील, काहींनी नाक मुरडलं असेल. दोघांनीही जे केलं ते आज आपल्याला करता येत नाही, कारण आपल्याला निकाल माहीत आहे.

'काव्यरत्नावली'चं नाव निघालं की खानदेशातल्या माणसाला तसंच पुढे जाववत नाही. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावातून हे मासिक सुरू केलं. फक्त कविता. मुंबई-पुण्यापासून लांब, कापसाच्या गावात, त्या काळात फक्त कवितेचं मासिक, आणि ते १९३५पर्यंत निघत राहिलं. अठ्ठेचाळीस वर्षं. लेबलं चिकटवणारा माणूस म्हणून मला या आकड्यापुढे हात जोडावेसे वाटतात. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, त्यामागेही फडणीस होतेच. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते, आणि तिथे कविता म्हणणाऱ्या धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. आज जळगावात काव्यरत्नावली चौक आहे. रिक्षात बसताना लोक सहज "काव्यरत्नावलीला सोडा" म्हणतात. कवितेच्या मासिकाचं नाव रोज इतक्या तोंडी असलेलं दुसरं गाव मला माहीत नाही. त्या बोलणाऱ्यांपैकी किती जणांना ते मासिकाचं नाव आहे हे ठाऊक असेल, तो भाग वेगळा.

तिथून नव्वदेक किलोमीटरवर धुळ्याला पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली 'कवितारती' सुरू केलं. तेही फक्त कवितेचं, तेही लहान गावातून. एकेका कवीवर विशेषांक काढले, नवख्यांना पत्रं लिहून कविता दुरुस्त करायला लावल्या. २०१७ साली ते गेले तोवर महाराष्ट्रातल्या बऱ्याच कवींच्या ट्रंकेत त्यांचं एखादं पत्र जमा झालेलं होतं. आमच्या सरांकडेही एक आहे. त्यात 'तिसरं कडवं गाळा' एवढंच लिहिलंय. सरांनी ते गाळलं नाही, आणि गाळायला हवं होतं हे दर दिवाळीला एकदा कबूल करतात.

आता तुमच्या फोनकडे येतो. फोनवरची कविता मी हलकी समजत नाही. आमच्याकडे छापून आलेले कितीतरी जण आधी तिथेच लिहीत होते. पण फोनवर कवितेला शेजार नसतो. वर कुणाच्या मुलाचा वाढदिवस, खाली फ्रिजची जाहिरात. अंकात कवितेला शेजारपाजार असतो आणि तो कुणीतरी विचार करून लावलेला असतो. सर एका अंकाचा क्रम लावायला आठवडा घेतात. खोलीभर जमिनीवर कागद पसरलेले असतात, पंखा बंद. बोअरवेलवरची एक कविता होती, कोरडी, जवळजवळ सरकारी भाषेतली. एकटी वाचली तर काहीच वाटत नव्हतं. सरांनी तिच्या समोरच्या पानावर सासरी नळाला पाणी भरणाऱ्या बाईची कविता लावली आणि दोन्ही कविता बोलायला लागल्या. दोन्ही कवींची एकमेकांशी ओळख नव्हती. अंक आल्यावर एकाने दुसरीला पत्र पाठवलं, एवढं मला माहीत आहे, कारण पत्ता माझ्याकडूनच घेतला होता.

आणि कागदाचं म्हणाल तर कागद चुकाही करतो. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना एकदा आमच्या एका अंकात ओळी सरकल्या आणि एका कवितेचं शेवटचं चार ओळींचं कडवं पान उलटून मागच्या बाजूला गेलं, तिथे एकटंच पडलं, वर शीर्षक नाही, खाली नाव नाही. माझ्या प्रूफातून ते सुटलं, म्हणजे चूक माझीच. कवीचा फोन येणार म्हणून मी दोन दिवस जीव मुठीत धरून होतो. आली ती तीन पत्रं. कवितेचा शेवट असा अर्ध्यावर सोडल्याबद्दल तिघांनीही कवीचं कौतुक केलं होतं. पाच वर्षांनी संग्रह आला तेव्हा मी आधी ती कविता काढून पाहिली. ते कडवं नव्हतं. कवीने मला त्याबद्दल आजवर काही विचारलेलं नाही, मीही बोललेलो नाही.

निम्म्या कविता कळल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. आलेल्या कविता सर तीन गठ्ठ्यांत टाकतात. एक गठ्ठा 'साभार परत'. एक 'घ्यायची'. तिसऱ्यावर चिठ्ठी असते: 'कळली नाही, पण सोडवत नाही'. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या कविता ते महिनाभर पिशवीत घेऊन फिरतात, बसस्टँडवर वाचतात, मला ऐकवतात. त्यातल्या दर अंकात तीन-चार छापल्या जातात. तुम्हाला न कळलेल्या कवितांत त्या असतीलच. काही खरोखर न जमलेल्याही असतील. अंकात वाईट कविता असतात, हे मी व्यवस्थापक असूनही मान्य करतो. सगळ्या चांगल्या असत्या तर तो निवडक कवितांचा संग्रह झाला असता आणि निवडायचं काम तुमच्याकडे उरलंच नसतं.

संपादकही चुकतात, आणि त्या चुकांमध्येसुद्धा कधीकधी मौज असते. शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात जून १९१५च्या अंकात टी. एस. एलियट नावाच्या सव्वीस वर्षांच्या कुणा मुलाची लांबलचक कविता आली. संपादक हॅरिएट मन्रो यांना ती फारशी पटलेली नव्हती. कवी एझरा पाउंडने पत्रांवर पत्रं लिहून मागे लागल्यावर त्यांनी छापली, तीही अंकाच्या मागच्या पानांत. 'प्रूफ्रॉक' या नावाने ओळखली जाणारी ती कविता आज जगभर शिकवतात. तेव्हाचा एखादा वर्गणीदार मागच्या पानांपर्यंत न जाताच अंक ठेवून देत असेल, तर त्याचं काय गेलं याचा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. म्हणून मी स्वतः अंक मागूनच उघडतो. आपल्याकडचंच पाहायचं तर अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' हे इंग्रजी काव्य १९७६ साली पुस्तकरूपात आलं आणि १९७७ साली त्याला राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला. पण त्याआधी १९७४ साली ती कविता एका इंग्रजी त्रैमासिकाच्या अंकात छापून आलेली होती. तो अंक ज्यांच्या टपालात पडला, त्यांना ती सगळ्यांच्या आधी भेटली.

वाचायची कशी, असं विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण चाळून अंक कळत नाही. मी पहिल्या दिवशी फक्त अनोळखी नावं वाचतो. ओळखीच्या नावाला आपण आधीच मार्क देऊन बसलेलो असतो. एक कविता, फार तर दोन, आणि एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे एकतर कवीची गफलत असते नाहीतर काहीतरी मुद्दाम केलेलं असतं. कुठलं काय ते दुसऱ्या वाचनात कळतं. आवडलेल्या कवितेपाशी पेन्सिलीने बारीक खूण. मग अंक दोन महिने घरात दिसेल असा ठेवायचा, कपाटात नाही. डायनिंग टेबलवर, खिडकीत, कुठेही. द्वैमासिकाची चाल दोन महिन्यांचीच असते, एका बैठकीत संपवलं की अपचन होतं. वर्षाच्या शेवटी सहाही अंक काढून फक्त खुणा पाहायच्या. तेव्हा खरी करमणूक होते. जूनमध्ये ज्या कवितेवर खूण केली ती डिसेंबरात पोकळ वाटते, आणि खूण न केलेलीची एक ओळ भांडी घासताना आठवत असते.

शेवटची पानंही सोडू नका. पत्रव्यवहार, आणि 'साभार पोच'. आलेल्या पुस्तकांची ती नुसती यादी असते: नाव, कवी, प्रकाशक, गाव, किंमत. कंटाळवाणी दिसते. पण गडचिरोलीत, देवगडला, बेळगावात कोण काय लिहितंय हे मला दुसरीकडे कुठे एका पानात समजलेलं नाही.

इथे एक आडवळण घेतो. अंक नियमित आलाच पाहिजे, असा माझा बँकेतला स्वभाव. पण मराठीत ज्यांनी सगळ्यात जास्त खळबळ केली ते अंक मुद्दामच अनियमित होते. नावातच होतं, लघुअनियतकालिक. १९५०च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' काढलं, सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, औरंगाबादेहून 'वाचा' आलं. राजा ढाले, सतीश काळसेकर, तुलसी परब, वसंत गुर्जर ही माणसं त्याच हवेतली. 'सत्यकथा'सारखं भारदस्त मासिक आपलं छापत नाही किंवा छापावं असं आपल्यालाही वाटत नाही, मग आपलं आपण काढू, हा बाणा. यातले काही अंक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले आणि थांबले. 'सत्यकथा'ही १९८२ साली बंद पडलंच. तेव्हा तुम्ही वर्गणी भरलेलं द्वैमासिक चार वर्षांत बंद पडलं तर पैसे बुडाले असं समजू नका. बंद पडलेल्या मासिकाचे अंकही वाचता येतात. ठाण्याच्या, मुंबईच्या, पुण्याच्या जुन्या मराठी ग्रंथालयांत अशा अंकांचे बांधीव खंड मिळतात. एखादी दुपार त्यांच्यासोबत घालवून पाहा. धूळ असते, रुमाल न्या.

आता पैसे. लोकांना वाटतं अंकाचा खर्च म्हणजे छपाई. थोडं उलगडून सांगतो. ६४ पानांचा डेमी आकाराचा अंक म्हणजे १६ पानांचे चार फॉर्म (म्हणजे छापून दुमडलेले ताव), वर मुखपृष्ठ. अक्षरजुळणी, प्रूफं आणि ऑफसेटच्या प्लेटा यांचा खर्च ३०० प्रतींना जेवढा येतो तेवढाच ६०० प्रतींना. वाढत्या प्रतीला लागतो तो कागद, दोन पिना, पाकीट आणि पोस्ट. म्हणजे पहिले काहीशे वर्गणीदार अंक जन्माला घालतात आणि त्यानंतरचा प्रत्येक जण थोडीथोडी शिल्लक टाकतो. शंभर नवे वर्गणीदार मिळाले तर मोठ्या अंकाला कळतही नाही, लहान अंकाचा त्यात वर्षाचा कागद निघतो. हॅरिएट मन्रोबाईंनी १९१२ साली 'पोएट्री' काढण्याआधी हाच हिशेब मांडला होता. शिकागोतल्या शंभरेक पैसेवाल्यांना भेटून प्रत्येकाकडून वर्षाला ५० डॉलर, तेही पाच वर्षांसाठी, असं वचन घेतलं. एका धनिकाकडे सगळी रक्कम मागितली नाही. मला यातलं 'पाच वर्षं' फार शहाणपणाचं वाटतं. बाईंना व्यवस्थापकाची नोकरी सहज मिळाली असती.

पोस्टाचं गणित वेगळंच. १८९८च्या जुन्या पोस्ट कायद्यात वर्तमानपत्रांना स्वस्त दराची सवलत होती, पण अंक ३१ दिवसांच्या आत निघत असेल तरच. मासिकाला ती मिळायची, द्वैमासिक आणि त्रैमासिक बाहेर. म्हणून आमच्यासारखे अंक पिढ्यान्‌पिढ्या बुक पोस्टाने, एका बाजूने उघड्या पाकिटात गेले. मधल्या काळात पोस्टाच्या सेवा बऱ्याच बदलल्या. छापील पुस्तकांची स्वस्त रजिस्टर सेवा १८ डिसेंबर २०२४ला बंद झाली, १ मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' आली ती मुळात पुस्तकांसाठी, आणि १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. वर्गणीच्या रकमेकडे पाहून 'एवढी कशाला?' असं वाटेल तेव्हा पाकिटावरचं तिकीट बघा.

आणि आता ते आजीव. आजीव वर्गणी हे लहान अंकाच्या गळ्यातलं लोढणं आहे. सुरुवातीला हाताशी रक्कम नसते, म्हणून संपादक आजीव सभासद करतो, तेवढ्यावर दोन-तीन अंक निघतात. मग ती रक्कम संपते आणि सभासद मात्र देवाच्या दयेने दीर्घायुषी असतात. आमच्या रजिस्टरात नव्वदच्या दशकात ५०० रुपये भरलेली माणसं आहेत. आज त्यांना वर्षभर अंक पाठवायलाच त्याहून जास्त लागतात. त्यातले काही वारले, मुलांनी कळवलं नाही, अंक जात राहिले. एक अंक 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आला तेव्हा मला आधी बरं वाटलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. म्हणून म्हणतो, एका वर्षाची भरा, आणि आठवण करून द्यावी न लागता दरवर्षी भरा. आठवणीचं पत्र पाठवणं ही व्यवस्थापकाच्या आयुष्यातली सर्वांत कडू गोष्ट आहे. तगादा लावल्यासारखं वाटतं, आणि बँकेत तेच केलेलं असतं.

एक विनंती, यूपीआयने पैसे पाठवाल तर सोबत नाव आणि पत्ता वेगळा कळवा. मनीऑर्डरच्या काळात कुपनावर दोन ओळी असायच्या: 'मागील अंकातली पान ३१वरची कविता पुन्हा पुन्हा वाचली'. आता बँकेच्या संदेशात पैसे आलेले दिसतात आणि पुढे इंग्रजी आकडे. कुणाचे ते कळत नाही. माझ्याकडे अशा अनामिकांची एक वेगळी वही आहे. काही जण वर्षभर अंकाची वाट बघून मला शिव्या देत असतील.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ वाङ्मयीन नियतकालिकांना अनुदान देतं आणि त्याचा आधार होतो. दिवाळीला गावातले दोन दुकानदार शुभेच्छांची जाहिरात देतात. पण अनुदान पत्र लिहीत नाही आणि दुकानदार कविता वाचत नाही. सरांना सगळ्यात जास्त काय लागतं ते मी जवळून पाहिलंय. अंक पोस्टात पडल्यावर पहिले आठ दिवस ते काही बोलत नाहीत. नवव्या दिवसापासून सहज म्हणून विचारतात, 'काही आलं का?' त्यांना पैसे आले का, असं विचारायचं नसतं. कविता कुणी वाचली का, एवढंच. पोस्टकार्ड अजून ५० पैशांत मिळतं. त्यावर 'अंक सुंदर, शुभेच्छा' लिहू नका, तशी पत्रं आम्ही फाइलला लावतो. एका कवितेचं नाव घ्या, एक ओळ घ्या, आणि ती का आवडली किंवा का खटकली ते लिहा. खटकलेलं जास्त कामाचं. सर ते पत्र कवीला पाठवतात. तालुक्याच्या गावी शेती करून लिहिणाऱ्या माणसाला ओळखदेख नसलेल्या कुणाचं असं पत्र गेलं की पुढचे सहा महिने तो लिहितो. हे मी लेबलांवरून सांगतोय, त्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत.

दुसरं, तुमच्या चाळीसगावकडच्या शाळेला किंवा गावच्या वाचनालयाला एक वर्गणी भेट द्या. तिथे अंक कुणी वाचत नाही असं सगळे म्हणतात. आमच्या दोन कवयित्री अशाच वाचनालयातल्या अंकातून आल्या, दोघींनाही पुस्तकं बदलायला आईने पाठवलं होतं. तिसरं, एखादी कविता फार आवडली तर तिचा फोटो मित्रांना जरूर पाठवा, फक्त अंकाचं आणि कवीचं नाव कापू नका. आणि अख्खा अंक स्कॅन करून गटांवर टाकू नका. प्रेमापोटी करणारे असतात, त्यांचं प्रेम आम्हाला महागात पडतं.

वर्गणीसोबत कविता मात्र पाठवू नका. तुम्ही लिहिता की नाही ते प्रश्नात नाही, पण कविता आवडणारे बहुतेक लिहितातच. वर्गणीच्या पाकिटात कविता निघाली की सर पाकीट माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, 'या माणसाला आपण दोन्हीकडून अडचणीत आणणार'. परत करावी तर वर्गणीदार जातो, छापावी तर अंक जातो. मध्ये चार-सहा महिने जाऊ द्या, अंकात काय छापतात ते बघा, मग स्वतंत्र पाकिटात पाठवा. परत आली तर वर्गणी बंद करू नका. असं करणारे आमच्याकडे दरवर्षी निघतात, आणि मी त्यांची नावं लेबलांच्या फाइलमधून काढत नाही, नुसती रेघ मारून ठेवतो. काही जण परत येतात.

आणि जिथे कविता छापायला पैसे मागतात तिथे जाऊ नका. 'सहभाग शुल्क भरा, प्रातिनिधिक संग्रहात दोन पानं आणि सन्मानचिन्ह मिळवा' असल्या जाहिराती हल्ली फार दिसतात. तिथे पैसे देणारा कवी हाच गिऱ्हाईक असतो, त्यामुळे वाचकाची गरजच पडत नाही. लहान अंकांचेही दोष असतात: कंपू असतात, तेच ते पाहुणे असतात, संपादकाच्या मित्राचं परीक्षण संपादकाचा दुसरा मित्र लिहितो. वर्षभर वाचल्यावर तुम्हाला त्याचा वास येईल. आला तर तसं लिहा. तरीही अंक सुधारला नाही तर दुसरा बघा. मंगेश नारायणराव काळे यांनी संपादित केलेलं 'खेळ', प्रवीण बांदेकरांचं 'नवाक्षर दर्शन', हेमंत दिवट्यांचं 'अभिधानंतर' यांचे जुने अंक कुठे हाती लागले तर तेही चाळा. एकाच काळातले तीन संपादक कविता किती वेगवेगळी ओळखतात ते दिसेल.

भरायचं ठरवलंत तर पत्त्यात इमारतीचं नाव, मजला, पिनकोड आणि फोन नंबर लिहा. पुण्यातल्या सोसायट्यांत नावांची पाटी नसते आणि वॉचमन नवा असतो. घर बदललंत तर कळवा, भाड्याने राहणारे वर्षाला बदलतात आणि मला अंक परत आल्यावर कळतं. पहिला अंक बहुतेक उशिरा येईल. पंधरा दिवस गेले की फोन करा, व्यवस्थापक ओशाळं हसून 'उद्या टाकतोय' म्हणेल. त्याला आणखी पाच-सहा दिवस द्या, लेबलं अजून चिकटवायची असतात.